इंजिनाची निगा आणि मालकाची वही

धान्याचा व्यापार तोल, पत आणि वेळ या तिहींवर चालतो. तोल काट्यावर सांभाळता येतो, पत दिलेल्या शब्दाने सांभाळता येते. वेळ मात्र आता सर्वस्वी वाहनाच्या हाती गेली आहे. बेळगावहून निघालेला तांदूळ, गहू वा डाळ चोर्ल्याचा घाट उतरून केरी आणि साखळीमार्गे आमच्या कारापूर-तिस्कावर येते, व तेथून डिचोली, मये, पेडणे येथील किरकोळ दुकानदारांकडे टेंपोने रवाना होते. वाटेत एखादे इंजिन बंद पडले, की हमाल रिकामे बसतात, दुकानदाराचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळते, आणि घाटात अडकलेल्या ड्रायव्हराच्या घरचे लोक रात्रभर दाराकडे डोळे लावून बसतात. सबब, इंजिनाची निगा हा केवळ फिटरचा विषय नसून व्यापाऱ्याचा व त्याच्या कुटुंबाचाही विषय आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हेत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारा जन्म पोत्यांच्या थप्पीत गेलेला. तथापि वखारीतला माल कसा बिघडतो हे ज्यास कळते, त्यास इंजिन कसे बिघडते हे समजावयास कठीण नाही. दोहोंचे शत्रू जवळजवळ तेच: ओल, धूळ, उष्णता, उंदीर, आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मालकाचे 'पुढच्या आठवड्यात पाहू' हे वाक्य.

दसऱ्यास आपण सर्वजण वाहन धुतो, झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ही प्रथा उत्तमच आहे. परंतु ज्या बोनेटवर आपण माळ घालतो, ते बोनेट वर्षातून किती वेळा मालकाने स्वतः उघडले, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारून पाहावा.

मोटार-उद्योग आपल्या व्यापारी समाजास परका नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. आपल्या शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले. त्याच घराण्याने पुढे १९४६ साली पुण्यास ऑइल इंजिनांची कंपनी उभी केली. प्रीमियर पद्मिनी ही मोटार मुंबईत टॅक्सी म्हणून किती टिकली, हे सर्वांनी पाहिलेच आहे. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून, रस्त्यावरून निघाली. भर शहरात अहोरात्र राबणारे यंत्र वीस वर्षे चालते ते केवळ कारखानदाराच्या कौशल्याने नव्हे. त्यामागे मालकाने वेळच्या वेळी केलेली निगा असते.

इंजिन म्हणजे काय

रूडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पलीकडे जाते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. आज रस्त्यावर धावणारे चांगले डिझेल इंजिनदेखील इंधनातील निम्म्याहून कमी उष्णता चाकांच्या कामी लावते. उरलेली उष्णता धुरावाटे व रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. हे एवढे ध्यानात घेतले, म्हणजे तेल, पाणी, हवा आणि इंधन या चार गोष्टींवर इंजिनाचे आयुष्य का अवलंबून असते, ते उमगते.

पहिली गोष्ट तेल. इंजिनातील तेल केवळ वंगण नव्हे. ते घर्षण कमी करते, आतील उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात धरून ठेवते आणि पिस्टनच्या रिंगांपाशी फट भरून काढते. ही सर्व कामे करता करता ते थकते. म्हणून तेल बदलण्यास पुस्तिकेत किलोमीटर व महिने अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात, आणि यांपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. अनेक मालक येथेच गफलत करतात. 'गाडी फिरलीच नाही, मग तेल कशास बदलावे?' असे ते म्हणतात. वखारीत पडून राहिलेले धान्य विकले गेले नाही म्हणून ताजे राहते काय? तेलाचेही तसेच. गाडी उभी असली तरी त्यात ओल व आम्लता वाढतच असते. उलटपक्षी माल उतरवीत असता तासन् तास इंजिन चालू ठेवले, तर मीटर पुढे सरकत नाही, परंतु तेल मात्र खर्ची पडते.

तेल तपासावयाचे तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. मग काठी काढून, पुसून, पुन्हा घालून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी असणे वाईट, तसेच जास्त भरणेही वाईट. कारण जास्त झालेले तेल घुसळून फेसाळते व वंगणाचे काम नीट करीत नाही. डिझेल इंजिनात तेल लवकर काळे पडते, तेवढ्यावरून भिण्याचे कारण नाही; ती काजळी तेलाने आपल्या अंगावर घेतलेली असते. मात्र तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. न भरता पातळी वाढली, तर बहुधा त्यात डिझेल उतरत आहे. या दोन्ही प्रसंगी गाडी रस्त्यावर न काढता फिटरास दाखवावी.

दुसरी गोष्ट पाणी, म्हणजे आताचे कूलंट. विहिरीचे वा नळाचे पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. त्या पाण्यातील क्षार आत पापुद्र्यासारखे बसतात, वाटा चोंदतात आणि धातू गंजतो. कंपनीने सांगितलेले कूलंट भरावे. ते पातळ करावयाचे असल्यास शुद्ध केलेले बॅटरीचे पाणी वापरावे. रेडिएटरचे झाकण आतील दाब धरून ठेवते, त्यामुळे आतील पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. याच कारणास्तव तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे अत्यंत घातक होय. उघडताक्षणीच उकळते पाणी तोंडावर उसळते. गाडी तापली असता रस्त्याच्या कडेस घ्यावी, इंजिन बंद करावे व निवेपर्यंत थांबावे. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जातो. रबरी नळ्या व फॅनबेल्ट यांना चिरा पडल्या आहेत काय, हे थंड इंजिनावर हाताने चाचपून पाहता येते. त्यास कोणतेही शिक्षण लागत नाही.

तिसरी गोष्ट हवा. एक लिटर डिझेल नीट जळावयास किमान दहा हजार लिटर हवा लागते. ही सर्व हवा एअर फिल्टरमधून आत जाते. आमच्या डिचोली तालुक्यातील तांबडी धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. उन्हाळ्यात खाणीच्या रस्त्याकडेच्या झाडांची पानेदेखील तांबडी होतात. ती धूळ इंजिनात गेली तर पिस्टन व लायनर यांना कानशीप्रमाणे घासते. फिल्टर चोंदला तर इंजिन गुदमरते, काळा धूर टाकते आणि इंधन अधिक खाते. म्हणून पुस्तिकेत सांगितलेला काळ हा चांगल्या रस्त्यांसाठी आहे, हे ओळखून धुळीच्या भागात फिल्टर अधिक वेळा पाहावा.

चौथी गोष्ट इंधन. हल्लीच्या डिझेल गाड्यांत इंधन वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाबाने फवारले जाते. त्या फवाऱ्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की पाण्याचा अंश वा धुळीचा कण त्यांची कायमची हानी करतो. डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी नियमाने काढावे व फिल्टर मुदतीत बदलावा. पावसाळ्यात टाकी फार रिकामी ठेवू नये; रिकाम्या जागेतील दमट हवेतून पाणी सुटते व तळाशी साचते.

नव्या गाड्यांचे नवे नियम

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या वाहनांस भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. त्यामुळे डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी जाळी बसू लागली, आणि बहुतेक मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया व उरलेले शुद्ध पाणी असते. ते घरी खताचा युरिया कालवून करावयाचे नव्हे, आणि चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतावयाचे नव्हे. तसेच या गाड्यांना कमी राखेचे ठरावीक तेलच लागते. चार पैसे वाचविण्यासाठी जुन्या ट्रकाचे तेल नव्या टेंपोत घातले, तर जाळी राखेने भरते व खर्च कैक पटींनी वाढतो.

येथे आपल्यासारख्यांना एक विशेष सूचना. केवळ बाजारपेठेत, दुकान ते दुकान फिरणारा टेंपो कधीच पुरेसा तापत नाही, व जाळीतील काजळी जळून जात नाही. त्याची खूण म्हणून समोर पिवळा दिवा लागतो. तो दिसताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने काही काळ न्यावी. दिवा झाकून वा दुर्लक्षून चालत नाही.

घरच्या स्कूटरविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. आपल्या लेकी-सुना कॉलेजास, दुकानास, दवाखान्यास स्कूटरने जातात. स्कूटरच्या इंजिनात तेल लिटरभराहून कमी असते. म्हणजे त्यातले थोडे जरी उडाले, तरी तुटीचे प्रमाण मोठे होते. तेल पाहण्याची काठी कोठे आहे, हे घरातील प्रत्येक चालविणाऱ्यास ठाऊक असावे. मोटारीत टायमिंग बेल्ट असल्यास तो बाहेरून धड दिसला तरी मुदतीत बदलावा. तो धावत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन उतरवावे लागते.

घाट आणि पावसाळा

चोर्ल्याचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. जड वाहनांवर या मार्गाने वेळोवेळी निर्बंध येतात, म्हणून भरलेली गाडी सोडण्यापूर्वी चौकशी करावी. चढताना इंजिनावर ताण येतो. माथ्यावर पोचताच गाडी ताडकन बंद न करता मिनिट-दोन मिनिटे संथ चालू द्यावी. म्हणजे तापलेल्या टर्बोस तेल मिळत राहते व तो निवतो. उतरताना खालच्या गिअरमध्ये यावे. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याची जी समजूत आहे, ती साफ खोटी आहे. गिअरमध्ये असताना आधुनिक इंजिन उतारावर इंधन जवळजवळ बंदच करते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवण्यास इंधन लागते, आणि सर्व भार ब्रेकवर येऊन ब्रेक तापतात. भरलेल्या गाडीचे तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागले नाहीत, तर काय होते हे लिहावयास नको.

गोव्यात वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. वाळवंटीचे पाणी साखळीच्या बाजारात चढल्याचे प्रसंग आमच्या पिढीने पाहिले आहेत. उभ्या गाडीत पुराचे पाणी शिरले, तर ओसरल्यावर किल्ली फिरवून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असता इंजिन फिरविले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ढकलून वा ओढून गॅरेजात न्यावी. साध्या विम्यात या प्रकारच्या नुकसानीची भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे कलम घ्यावे लागते. विमा उतरविताना हे विचारून घ्यावे.

उभ्या गाडीचे दुखणे

आमच्या तालुक्यास उभ्या गाड्यांचा कटू अनुभव आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले व पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. एप्रिल २०१४ मध्ये ती उठली; परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा थांबले. लिलावानंतर डिचोलीतील खाण २०२४ साली पुन्हा चालू झाली. मधल्या काळात या पट्ट्यातील हजारो ट्रक अंगणात, माळावर, रस्त्याकडेला उभे राहिले. कित्येक कुटुंबांनी कर्ज काढून घेतलेली ती मिळकत होती. त्या कुटुंबांची उधारी आमच्यासारख्या धान्यवाल्यांच्या खात्यांवरही दिसत होती, म्हणून हा विषय आम्हांस परका वाटत नाही.

धावणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर खराब होते, ही गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. उभ्या इंजिनात ओल धरते, रिंगा लायनरला गंजून चिकटतात, रबरी सील वाळतात, टाकीत पाणी साचून डिझेल नासते, बॅटरी उतरते, आणि उंदीर वायरी कुरतडतात. वखारीशेजारी गाडी लावणाऱ्या धान्यव्यापाऱ्याने तर उंदरांविषयी दुप्पट सावध असावे. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, तर पंधरवड्यातून एकदा ती बाहेर काढून पूर्ण तापेपर्यंत चालवावी. पाच मिनिटे जागच्या जागी इंजिन चालू करून बंद करणे, हे न करण्यापेक्षाही वाईट. कारण त्याने ओल जमते पण उडून जात नाही. कित्येक महिने उभी ठेवावयाची असेल, तर आधी तेल बदलावे, टाकी भरावी, बॅटरीची तार सोडवावी, हवेची व धुराची तोंडे झाकावी, आणि तसे केल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी.

वही कशी ठेवावी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरील सर्व गोष्टी फिटरास ठाऊक असतात. परंतु आपल्या गाडीची मुदत केव्हा भरते, हे लक्षात ठेवणे फिटरचे काम नव्हे. ड्रायव्हर बदलतात, गॅरेजे बदलतात. मालक तोच राहतो. यास्तव प्रत्येक वाहनाची एक वही मालकाच्या गादीपाशी असावी. तीत सहा रकाने पुरेत: तारीख, मीटरचा आकडा, केलेले काम, वापरलेला माल, झालेला खर्च, आणि पुढील मुदत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. हुंडीची मुदत आपण विसरत नाही, कारण ती लिहिलेली असते. तेलाची मुदत विसरतो, कारण ती लिहिलेली नसते.

त्याच वहीत डिझेल भरल्याची नोंद करावी. समजा, एक टेंपो महिन्यास २००० किलोमीटर चालतो व लिटरला ८ किलोमीटर देतो. त्यास २५० लिटर डिझेल लागेल. तोच ७ किलोमीटर देऊ लागला, तर सुमारे २८६ लिटर लागेल. महिन्यास ३६ लिटर, म्हणजे वर्षास सव्वाचारशे लिटरांहून अधिक डिझेल नुसते उडून गेले. चोंदलेला फिल्टर, बिघडलेला फवारा वा अडकणारा ब्रेक यांपैकी एखादे कारण त्यामागे असते. इंजिन बोलत नाही, पण वही बोलते. ज्या महिन्यात सरासरी उतरली, त्याच महिन्यात गाडी दाखविली, तर थोडक्यात भागते.

जुने तेल गटारात, नदीत वा विहिरीजवळ ओतू नये. ते परवानाधारक गोळा करणाऱ्यासच द्यावे. तेलाचे व डिझेलचे डबे धान्याच्या वखारीत ठेवू नयेत. तांदूळ वास लवकर धरतो, हे आम्ही व्यापाऱ्यांना सांगावयास नको.

अखेरची गोष्ट ड्रायव्हराविषयी. समोर तेलाचा तांबडा दिवा लागला वा तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी तत्काळ थांबवावी, हा नियम प्रत्येक ड्रायव्हरास ठाऊक असतो. तो पाळत नाही, याचे कारण पुष्कळदा मालकच असतो. 'कशीबशी आणून पोचवा, गिऱ्हाईक थांबले आहे,' असे शब्द फोनवरून गेले, की घाटातला मनुष्य आपल्या बुद्धीने न चालता आपल्या भयाने चालू लागतो. माल उशिरा पोचला तर एका दिवसाचे नुकसान होते. इंजिन बसले तर महिन्याचे होते. मनुष्य गेला तर त्याची भरपाई कोणत्याही वहीत लिहिता येत नाही. म्हणून आमची सर्व सभासद बंधूंस आग्रहाची विनंती आहे, की दिवा लागल्यावर गाडी थांबविणाऱ्या ड्रायव्हरास केव्हाही बोल लावू नये, आणि ही गोष्ट त्यास आधीच, घरच्या मंडळींसमक्ष सांगून ठेवावी.

दिवाळीच्या पाडव्यास आपण नव्या वह्या घालतो. येत्या पाडव्यास त्यांच्यासोबत वाहनाचीही एक वही घालावी, पहिल्या पानावर त्या दिवशीचा मीटरचा आकडा लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बोनेट उघडून तेलाची काठी पाहावी. या कामास पाच मिनिटे लागतात. सर्व सभासदांची वाहने सुखरूप जावोत व सुखरूप परत येवोत, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.